एवढे आलोच आहोत तर

आमच्या सटाण्यात उन्हाळ्याला कोणी विशेषणे लावीत बसत नाही. ‘ऊन आहे’ एवढे म्हटले की पुरते. कवीलोक ज्याला रणरणते, भाजून काढणारे वगैरे म्हणतात, ते आमच्याकडे नुसते ऊन. शेजारच्या मालेगावाचा पारा मात्र रोज वर्तमानपत्रात छापून येतो, आणि तो त्रेचाळीसच्या वर गेला की मालेगावचे पाहुणे तो आकडा असा सांगतात, की जणू त्यांच्या घरचा मुलगा शाळेत पहिला आला! आमचा आकडा कुठे छापून येत नाही, याचे आम्हां सटाणेकरांना थोडे वैषम्यही वाटते.

हा छापलेला आकडा सावलीतला असतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. वेधशाळेची तापमापी पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, वारा खेळेल पण ऊन शिरणार नाही अशी ठेवतात. म्हणजे आकडा हवेचा. उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाचा, त्याच्या डोक्यावरच्या सूर्याचा आणि पायाखालच्या काळ्या कातळाचा हिशेब त्यात कोठेच नाही. तो हिशेब ज्याचा त्याने ठेवायचा असतो.

तो ठेवण्याची आमची पारंपरिक रीत म्हणजे खिशात कांदा. कांदा बागलाणात पिकतो, आणि उन्हाळ कांदा निघतोही नेमका चैत्र-वैशाखात. तेव्हा औषध दाराशीच. माझी आई मला कांद्यावाचून बाहेर पाठवीत नसे. आज सांगायला हरकत नाही, की खिशातला कांदा उन्हाला अडवीत नाही. त्याचा उपयोग एकच, भाकरी सोडल्यावर तो फोडून खाता येतो. पण त्याच कांद्याच्या शेतात काम करणाऱ्या बाया उन्हाचे खरे शास्त्र जाणतात. त्या दिवस उजाडण्याच्या आधी शेतात असतात, ऊन तापू लागले की बांधावरच्या झाडाखाली येतात, आणि ऊन कलल्यावर पुन्हा लागतात. त्यांना कोणी पुस्तक दिलेले नाही. खिशातला कांदा आम्ही घेतला, त्यांचे घड्याळ मात्र घेतले नाही. माझी सारी गोष्ट या चुकीची आहे.

आम्हां सटाण्याच्या पोरांना साहसासाठी दूर जावे लागत नाही. ताहाराबाद ओलांडले की डोंगर सुरू. मांगी-तुंगीचे जोडसुळके, पुढे मुल्हेर, मोरा, हरगड, आणि सगळ्यांच्या मागे, सगळ्यांहून उंच साल्हेर. उंची १५६७ मीटर. महाराष्ट्रात कळसूबाई सोडली तर एवढे उंच शिखर नाही, आणि गड तर एवढा उंच दुसरा नाहीच. परशुरामाने याच माथ्यावरून बाण सोडून समुद्र मागे हटवला, अशी कथा आहे. वर त्याचे छोटेसे देऊळ आहे. महाराजांनी हा गड १६७१ च्या जानेवारीत घेतला, आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्याच्या पायथ्याशी मोगलांशी उघड्या मैदानात मोठी लढाई झाली. तीत सूर्यराव काकडे पडले. महिने पाहून ठेवा. जानेवारी, फेब्रुवारी. ज्यांना गड जिंकायचा होता ते थंडीत आले होते. आम्हांला काहीच जिंकायचे नव्हते. आम्ही गेलो वैशाखात.

यात आमचा एकट्यांचा दोष नाही. शाळा-कॉलेजांना सुट्टी उन्हाळ्यात असते. ती दिली जाते ऊन फार म्हणून, आणि आपण ती वापरतो डोंगर चढायला! आजसुद्धा गिर्यारोहणाची, दोरावरून उतरण्याची शिबिरे एप्रिल-मेमध्येच भरतात. कातळ हाताला चटका देतो आहे, डोक्यावर प्लास्टिकचे शिरस्त्राण तापले आहे, लोखंडी कड्या धरवत नाहीत, आणि पोरे रांगेत उभी आहेत आपली पाळी यायची वाट पाहत. साहस त्या दोरावर फारसे नसतेच. दोर मजबूत असतो. धोका रांगेत असतो. शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण काढले. कागद चांगला आहे. पण कागदाला घाम येत नाही.

तर १९७८ चा वैशाख. आम्ही पाच जण होतो, विशीच्या आगेमागे. त्यांतला एक माझा जिवलग. नाव सांगत नाही. तो आहे, आणि त्याला आवडणार नाही. कबड्डीत चढाईला जायचा तेव्हा समोरचे सात जण आपोआप दोन पावले मागे सरत. अंगात दोन दिवस कसर होती, तरी आला. मी म्हटले म्हणून आला. पुढारी मी होतो. पुढारीपण कोणी दिले नव्हते, मी घेतले होते.

वाघांब्याहून निघायला आम्हांला आठ वाजले. साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत पोचलो तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. तिथे मुल्हेरकडचा एक म्हातारा शेळ्या घेऊन दगडाच्या सावलीत बसला होता. म्हणाला, “आते कोठे जातस वर? आठेच बठा.” आम्ही हसलो. खिंडीपासून कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात. त्या पायऱ्यांवर वरून ऊन आणि खालून धग. तव्यावरची भाकरी निदान उलटतात तरी!

पायऱ्या संपताना मित्र चिडचिडा झाला. पाणी कोणी जास्त प्याले यावरून भांडला. मग भांडण विसरला आणि भलतेच काही बोलू लागला. कुठल्याशा सामन्याचे गुण मोजू लागला. आम्ही खदाखदा हसलो. एक जण म्हणाला, “याला ऊन लागलं रे!” पाहा, भाषेत रोगाचे नाव तयार होते. आम्ही ते विनोद म्हणून वापरले.

माथ्याखाली गुहा आहेत. तिथे तो बसला. म्हणाला, “मी नाही येत.” शिखर वीस मिनिटांवर होते. आणि मी ते वाक्य उच्चारले, जे मला वाटते डोंगरात सर्वांत जास्त माणसांनी उच्चारले असेल: “एवढे आलोच आहोत तर वर जाऊन येऊ. तू बस सावलीत, आम्ही आलोच.”

आम्ही चौघे वर गेलो, परशुरामाच्या पायांवर डोके ठेवले, आणि तासाभराने परतलो. तो आडवा पडला होता. हाक दिली तर डोळे उघडले नाहीत. अंग असे तापलेले, की हात मागे घ्यावा. आणि शर्ट मात्र घामाने ओला. घाम आहे म्हणजे ऊन लागलेले नाही, अशी आमची समजूत. मग आम्ही काय केले? उरलेले तांब्याभर पाणी त्याच्या ओठांशी लावले. ते गालावरून ओघळले. कांदा फोडून नाकाशी धरला. आणि त्याला पाठुंगळी घेऊन भर दुपारच्या उन्हात खाली निघालो. वाडीवरच्या माणसांनी झोळी करून आणली, ती खिंडीत भेटली. दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवे लागले होते.

गुहेपासून हाकेच्या अंतरावर गंगासागर तलाव आहे. वैशाखातही त्यात पाणी होते. त्या पाण्यात आम्ही सकाळी पाय धुतले होते. त्याला तिथे नेऊन भिजवावे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. आमच्या डोक्यात एकच: पाणी पिण्याचे असते, आणि आजारी माणसाला डॉक्टरकडे न्यायचे असते.

पुष्कळ वर्षांनी माझ्या डॉक्टर झालेल्या पुतणीला मी हे सारे दुसऱ्याच कोणाची गोष्ट म्हणून सांगितले. ती म्हणाली, “काका, आधी गार करायचं, मग हलवायचं.” उष्माघातात शरीर चाळीस अंशांच्या वर जाते आणि मेंदू शिजू लागतो, तिथे घड्याळ मिनिटांचे असते. कपडे सैल करा, सावलीत घ्या, हाती लागेल ते पाणी अंगभर ओता, वारा घाला; मान, काखा, जांघा ओल्या फडक्यांनी झाका; बर्फ असेल तर तिथेच लावा. डोहात बसवता आले तर त्याहून चांगले, फक्त डोके वर धरून. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. तापावरची गोळी देऊ नका; हा तो ताप नव्हे. हे करता करता माणूस खाली धाडा, मदत मागवा. आणि रोग ओळखायचा तो घामावरून नव्हे. कष्टाने आलेल्या उष्माघातात घाम खुशाल वाहत असतो. ओळखायचा वागण्यावरून. शहाणा माणूस वेड्यासारखा भांडू लागला, तिन्ही वेळा एकच उत्तर देऊ लागला, पाय वाकडे पडू लागले, की तिथेच थांबा. मी मान डोलावत ऐकत होतो. ती एकेक लक्षण सांगत होती आणि मला एकेक पायरी आठवत होती.

चालणाऱ्या माणसाच्या अंगात केवढी भट्टी पेटलेली असते! खर्ची पडणाऱ्या शक्तीचा फार तर चौथा हिस्सा पाय उचलण्याला लागतो. बाकी सारी उष्णता. ती बाहेर काढायला घाम, आणि घामही वाळला तरच गारवा. म्हणून दमट हवेत कमी पारासुद्धा जीव घेतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला एका सोहळ्यासाठी लाखो माणसे उघड्या मैदानावर आली होती. पारा चाळिशीलाही पोचला नव्हता. तरी उष्माघाताने चौदा जण दगावले. ती माणसे डोंगर चढत नव्हती. बसलेली होती. हवामानखाते सपाटीवर चाळीस, किनाऱ्यावर सदतीस आणि डोंगराळ मुलखात तीस अंशांना उष्ण लाटेचा विचार सुरू करते, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. साल्हेरचा माथा सटाण्याहून हजारेक मीटर उंच. हवा पाच-सहा अंशांनी गार. वारा सुटलेला असतो, घाम अंगावर दिसण्याआधीच वाळतो, आणि माणसाला वाटते, इथे काय ऊन आहे!

नुसते पाणीही पुरत नाही. घामातून मीठ जाते, आणि वर घटाघट कोरडे पाणी ढोसले तर रक्तातले मीठ आणखी पातळ होते. त्यानेही माणूस बरळतो. आपले ताक, मीठ घातलेले पन्हे, किंवा लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अशा मीठ-साखरेच्या पाण्यावर डॉ. दिलीप महालनोबिस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीचे रोगी वाचवले. आमच्या सहलीच्या सात वर्षे आधी. आम्ही मात्र शेव-चिवडा नेला होता. अर्थात हे पाणी उष्माघात होऊ नये म्हणून. झाल्यावर त्याने भागत नाही.

मित्र वाचला. अकरा दिवसांनी घरी आला. पण चढाईला जाणारे ते पाय परत आले नाहीत. ऊन उतरले, डोक्यात तोल सांभाळणारा जो भाग आहे, तो मात्र जळून गेला तो गेलाच. तो चालतो तो डोलत, आणि बोलतो ते जड जिभेने, शब्द ओढीत. गावात नवा आलेला माणूस त्याला सकाळी रस्त्याने जाताना पाहतो आणि म्हणतो, “यानं सकाळीच घेतलेली दिसते.” आयुष्यात त्याने थेंब घेतलेला नाही. लग्न जमले नाही. भावाच्या किराणा दुकानात बसला, अजून बसतो. वजन करायचे काम त्याला देत नाहीत, हात थरथरतो.

आठवड्यातून दोनदा मी त्या दुकानाच्या ओट्यावर जातो. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांत आम्ही कांद्याचे भाव, आरम नदीचे पाणी, देवमामलेदारांची यात्रा, सर्व बोललो. साल्हेर नाही.

यंदा मुलीची मुलगी पुण्याहून आली, बरोबर तिचे तीन सवंगडी, सारी चौदा-पंधराची. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारशाच्या यादीत झाली, त्यांत साल्हेर आहे. त्यामुळे आजोळचा गड पाहायचाच, असा हट्ट. मी म्हटले, दिवाळीत या. पण सुट्टी वैशाखातच! जावई म्हणाले, “बाबा, मी आहे बरोबर.” ते आहेत म्हणूनच मी निघालो. सत्तरीला टेकलेला माणूस काय चढणार, पण मला ती पोरे माझ्या डोळ्यांआड होऊ द्यायची नव्हती.

मी अटी घातल्या. पुण्याहून आल्याआल्या नाही. आठवडाभर सटाण्यात राहायचे, रोज सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे चालायचे. अंगाला उन्हाची ओळख व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात, आणि ही मुले बारा महिने गार खोलीत वाढलेली. माणशी चार लिटर पाणी. सुती पूर्ण बाह्या, डोक्यावर उपरणे. पहाटे चारला विजेऱ्या घेऊन निघायचे. आणि शेवटची अट: सकाळी दहा वाजता जिथे असू तिथून एक पाऊलही वर नाही, मग शिखर समोर का असेना. रात्री वाघांब्यात सर्वांनी होकार दिला. रात्रीचे होकार फार स्वस्त असतात.

पोरे मध्यरात्रीपर्यंत गप्पा मारीत राहिली, आणि चारचे सव्वासहा झाले. माझ्या गुडघ्यांनी आणखी वेळ खाल्ला, हेही नोंदवून ठेवतो. गुहांपाशी आलो तेव्हा माझ्या घड्याळात दहाला पाच कमी होती. नात तर कधीच पुढे जाऊन माथ्याकडची वाट न्याहाळीत उभी होती.

तिच्या सवंगड्यांत एक मुलगा होता, छायाचित्रांची आवड असलेला. कॅमेऱ्याची तिकाटणी स्वतःच वाहत आला होता. सकाळपासून अखंड बडबड. तो गप्प झाल्याचे माझ्या लक्षात आले. मी विचारले, “बाटली कुठे आहे रे तुझी?” म्हणाला, “हो.” पुन्हा विचारले. पुन्हा “हो.” आणि हसला.

जावई म्हणाले, “दमलाय जरा. बाबा, एवढे आलोच आहोत तर मी या तिघांना वर दाखवून आणतो. वीस मिनिटं. हा बसू दे इथं सावलीत तुमच्यापाशी.”

मी जावयांवर आजवर कधी आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. गुहेत आवाज घुमला आणि बरोबर आलेला वाडीवरचा वाटाड्यासुद्धा उठून उभा राहिला. मग मी त्याला म्हटले, “दादा, तळ्याचं पाणी आणा, जेवढं आणता येईल तेवढं.” मुलाचा शर्ट काढला, हंड्याने पाणी अंगावर ओतले, उपरणी भिजवून मानेवर, काखेत ठेवली, आणि नातीला व तिच्या मैत्रिणींना वाऱ्याला बसवले. त्या रडवेल्या तोंडाने वारा घालीत होत्या. मी दर दोन मिनिटांनी त्याला शाळेचे नाव विचारीत होतो. दहा मिनिटांनी त्याने शाळेचे नाव सांगितले, वीस मिनिटांनी, “आजोबा, तेच तेच काय विचारताय?” असे विचारले. मग त्याला मीठ-साखरेचे पाणी घोटघोट दिले. साडेचारपर्यंत आम्ही सर्व त्या गुहेत बसून होतो. ऊन कलल्यावर उतरलो, आणि खाली आल्यावर पहिल्यांदा त्याला डॉक्टरला दाखवले. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे.

मला अजून वाटते, कदाचित काहीच झाले नसते. दमला असेल, झोप झाली नव्हती. वीस मिनिटांनी सगळे परत आले असते, आणि नातीच्या संग्रही परशुरामाच्या देवळाचे छायाचित्र असते. परत फिरण्यात ही एक मोठीच अडचण आहे: आपण बरोबर होतो याचा पुरावा कधी मिळत नाही. चुकलो असतो तर मात्र तो जन्मभर समोर ओट्यावर बसतो.

नात माझ्याशी बोलेना. रात्री जेवताना ताटाकडे पाहून म्हणाली, “वीस मिनिटं होती फक्त.” तेव्हा मी तिला सगळे सांगितले, ते शिखरावर जाऊन आल्याचेसुद्धा. तिच्या आईनेही ते पहिल्यांदाच ऐकले.

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर निघालो तेव्हा ती न सांगता बरोबर आली. मित्राने तिला गोळ्यांच्या बरणीतून दोन गोळ्या काढून दिल्या; त्यांतली एक हातातून खाली पडली, ती तिने उचलली. त्याने ओढत ओढत विचारले, “काल... साल्हेरला गेलतात म्हणे. वर गेलात का?”

“नाही आजोबा. गुहेतूनच परत आलो.”

तो हसला. “म्हणजे तू आणि मी सारखेच.” मग थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिला, आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, “याला विचार वरून काय दिसतं ते. हा गेलता.”

ती माझ्याकडे वळली. मी सालोटा सांगितला, मांगी-तुंगी सांगितल्या, मुल्हेर, मोरा, हरगड ओळीने सांगितले. पश्चिमेला डांगच्या रांगा दिसतात तेही सांगितले. तो मान डोलावत ऐकत होता. शेवटी मला राहवले नाही. “त्या दिवशी यातलं काही दिसलं नव्हतं,” मी म्हटले. “उन्हानं सगळं धुरकट झालं होतं.”

“हं,” तो म्हणाला, आणि गिऱ्हाईक आले म्हणून आत गेला.